मागे कोण बसतं?

त्यांच्या घरी बारा महिने कढी असायची. उन्हाळ्यात कढी, पावसाळ्यात कढी, पाहुणा आला तरी कढीच. त्यांची बायको मला एकदा म्हणाली, "वहिनी, लोकांच्या घरी दही उरलं की कढी होते. आमच्या घरी गिऱ्हाईक आलं की होते."

ते काय करायचे सांगते. मोटरसायकलच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एकेक उभी नळी असते ना, वर स्प्रिंग चढवलेली, रस्त्याचा दणका पिणारी? आमच्या जबलपुरात तिला सगळे शॉकर म्हणतात. तर नवे शॉकर बसवून झाले की हे सद्गृहस्थ आत जायचे, घट्ट लागलेल्या दह्याचा स्टीलचा डबा घेऊन यायचे, तो मागच्या सीटवर पंचाने करकचून बांधायचे आणि महाराजपूरच्या त्यांच्या कॉलनीतून एक ठरलेला फेरा मारून यायचे. तीन स्पीडब्रेकर, एक उखडलेला तुकडा आणि नाल्यावरची फरशी. परत आले की डबा उघडायचा. दही जसंच्या तसं असलं तर गाडी पास. कडेला पाणी सुटलं, कवडी मोडली, तर शॉकर पुन्हा खोलायचे आणि दही कढीला.

मला आधी वाटलं, माणूस थोडा सरकलेला आहे. आता ते इथे नाहीत, मुलीकडे बिलासपूरला गेले, घराला कुलूप आहे, म्हणून बसून लिहिते आहे. नाव लिहीत नाही. त्यांच्या ओट्यावर कधी पाटी नव्हती, तर मी कुठे छापत बसू? ज्याला गरज असायची तो विचारत विचारत यायचा, "वो दही वाले अंकल कहाँ रहते हैं?" आणि कोपऱ्यावरचा पानवाला उलट विचारायचा, "दही चाहिए कि शॉकर?"

त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात नोकरीसाठी इकडे आलेलं. आम्ही अमरावतीकडचे, आमची मराठी काहून आणि हावची. त्यांची जुन्या वळणाची. बाईमाणसाला "आपण" म्हणायचे, अगदी कालच्या सुनेलाही. मात्र चिडले की हिंदीत जायचे. फॅक्टरीत सारी नोकरी ट्रकच्या स्प्रिंगा तपासण्यात गेली होती, रिटायर झाल्यावर मोटरसायकलचे शॉकर बसवायला लागले. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटण लावलेलं, आणि त्याच शर्टात जमिनीवर बसून ग्रीसचं काम. डाग पडलेला मी पाहिला नाही. कसं जमायचं देव जाणे.

ओट्याच्या भिंतीवर खडूने रस्ते लिहून ठेवलेले असायचे. पाटन रोड, दही बरं. कटंगीकडचा, पातळ. आधारतालच्या एका बोळीपुढे नुसतंच "ताक". रस्ता नवा झाला की पुसून नवं लिहायचे, आणि सहा महिन्यांनी तेही पुसायचे.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न एकच, मागे कोण बसतं? कोणती गाडी, कुठे जायचं, बजेट किती, हे सगळं नंतर. एकदा मी तिथे असताना बँकेतले एक साहेब आले. मोठी कोरी गाडी, बूट, जॅकेट, सगळा थाट. त्यांना लडाखला जायचं होतं आणि सगळ्यात महागाचे शॉकर हवे होते.

"पीछे कौन बैठेगा?" अंकलनी विचारलं.

"मिसेज़ बैठेंगी."

"लेकर आइए."

"अंकल, वो यहाँ आकर क्या करेंगी? उनको गाड़ी का कुछ समझता नहीं."

"समझने को कौन कह रहा है? बैठने को कह रहा हूँ."

साहेब हसले. म्हणाले, वजन सांगतो ना, पंचावन्न किलो. तसे अंकल आत गेले आणि गव्हाचं एक पोतं ओढत बाहेर घेऊन आले. त्याच्यावर खडूने मोठ्या अक्षरात "भाभीजी" लिहिलेलं होतं. अशी वेगवेगळ्या वजनांची तीन पोती त्यांच्याकडे होती, शिवाय मधलं वजन भरून काढायला वाळल्या मटारच्या थैल्या. पोतं साहेबांच्या सीटवर ठेवून म्हणाले, "तो फिर लद्दाख इन्हीं को ले जाइए. न थकेंगी, न शिकायत करेंगी."

साहेब फणफणत गेले. चौथ्या दिवशी बायकोला घेऊन आले. धान्याच्या काट्यावर बाई बहात्तर किलो भरल्या. साहेब बघतच राहिले. बाई शांतपणे म्हणाल्या, "इनको शादी वाला याद है."

आता आमचं सांगते.

आमचे हेसुद्धा फॅक्टरीचेच, पण दुसऱ्या. रिटायर झाले आणि त्यांनी लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल घेतली. लोक म्हणाले, या वयात? मी काही म्हटलं नाही, कारण त्यात माझाही हात होता. लग्न होऊन आले तेव्हापासून नर्मदेच्या काठी राहते. ग्वारीघाटावर किती दिवे सोडले त्याला गणती नाही. पण ती पुढे जाते कुठे ते कधी पाहिलं नव्हतं. म्हणून आमचं ठरलं होतं की नदीच्या कडेकडेने भडोचपर्यंत जायचं, जिथे ती समुद्राला मिळते तिथपर्यंत. कारने नाही, रेल्वेने नाही, मोटरसायकलवर, थांबत थांबत.

सराव म्हणून अमरकंटकला जाऊन आलो. आल्यावर तीन दिवस मला पलंगावरून उठता येईना. नेपियर टाउनच्या डॉक्टरांनी फोटो काढला, म्हणाले मणक्यातली गादी दबली आहे, तीन महिने मोटरसायकल बंद. त्यानंतर एक छोटी फेरी करून पाहा, दुखलं तर हा नाद सोडा.

मुलगा हैदराबादला असतो. त्याने ऐकलं आणि ऑनलाइन शॉकर पाठवले. सोनेरी रंगाचे, प्रत्येकाला बाजूला एक छोटी डबी, तिच्यात गॅस. दिसायला असे की देवघरात ठेवावेत. जवळच्या मिस्त्रीने बसवून दिले. तीन महिने झाले, भेडाघाटपर्यंत गेलो. जाताना दुखलं, येताना डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी हे म्हणाले, "बस्स झालं. गाडी विकून टाकू. रविवारी एक जण बघायला येऊन राहिला."

मी म्हटलं, "चालेल."

भडोचचं नाव पुन्हा घरात निघालं नाही. मुलगा म्हणाला, ट्रेन का टिकट करवा देता हूँ. मी त्यालाही चालेल म्हटलं.

विकायच्या आधी सोनेरी शॉकर काढून मूळचे लावायचे होते, म्हणजे मुलाला ते परत पाठवता आले असते. आमचा मिस्त्री गावाला गेलेला. कोणी सांगितलं, महाराजपूरला जा. हे मोटरसायकल घेऊन गेले, मी मागून ऑटोने, कारण तिथून पुढे आधारतालला मावसबहिणीकडे हळदीकुंकू होतं. अशी मी हातात ब्लाउजपीसची पिशवी घेऊन त्यांच्या ओट्यावर पहिल्यांदा पोचले.

"मागे कोण बसतं?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"आता कोणी नाही. विकायची आहे."

"याआधी कोण बसायचं?"

ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. त्यासरशी त्या माणसाने ह्यांच्याकडे पाठ फिरवली, ती तासभर पुन्हा वळवली नाही. मला खुर्ची दिली. म्हणाले, "आपण सांगा. कुठे लागतं?"

मी म्हटलं, "थोडंसंच. तसं चालेल."

"बाई, चालेल हा शब्द या ओट्यावर बंद आहे. कंबर, मान की दात?"

"दात?"

"दणका दातापर्यंत गेला तर स्प्रिंग कडक आहे. मान डोलत राहिली तर स्प्रिंग दबल्यावर वर येतेय घाईने. कंबरेत एकच मोठा ठोका बसला तर शॉकर तळाला टेकतोय. गाडी चालवणाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याच्या हातात हँडल असतं, खड्डा त्याला आधी दिसतो. म्हणून मी त्याला विचारत नाही."

मी जरा विचार केला. खरं सांगायचं तर हा प्रश्न मला डॉक्टरांनीही इतक्या बारकाईने विचारला नव्हता. म्हटलं, "दात. कंबरही. आणि पोटऱ्या."

"पोटऱ्या?"

"हाव. रात्रभर ठणकतात."

त्यांनी उठून भिंतीवर रस्त्यांच्या यादीखाली खडूने लिहिलं, "पोटऱ्या", आणि पुढे प्रश्नचिन्ह. इतक्या वर्षांत कोणी पोटऱ्या म्हटलं नव्हतं, हे त्यांनी मला मागून सांगितलं.

गाडीवरचे सोनेरी शॉकर त्यांनी वाकून दोन्ही बाजूंनी पाहिले. हे म्हणाले, "माल हलका निघाला का?"

"माल उत्तम आहे," पाठ न वळवता उत्तर आलं. "पण हा दणकट माणसांसाठी, मागे दोन भरलेल्या पेट्या बांधणाऱ्यांसाठी. उत्तम शिवलेला ब्लाउज असला तरी शेजारणीच्या मापाचा असला तर काय करायचं? बाई, ही गाडी रविवारपर्यंत माझ्याकडे राहू द्या."

"रविवारी विकायची आहे," हे म्हणाले.

"मी बाईंना विचारलं."

मला चालेल म्हणायची बंदी होती. म्हणून म्हटलं, "राहू द्या."

शुक्रवारी मोजणी झाली. त्यांची रीत साधी. मागच्या चाकाच्या मधल्या नटापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत शिंप्याची टेप धरायची. आधी गाडी रिकामी, मग चालवणारा बसून, मग दोघं बसून. गाडी किती खाली बसली ते पाहायचं. शॉकरची जेवढी धाव असते, म्हणजे तो जेवढा दबू शकतो, तिचा साधारण तिसरा हिस्सा माणसं बसल्यावर खर्च व्हावा, बाकीचा खड्ड्यांसाठी राहावा, असा त्यांचा हिशेब. त्यावरून कोणती स्प्रिंग ते ठरायचं.

मला काट्यावर उभं केलं. सहासष्ट किलो. मग आम्ही दोघं गाडीवर बसलो, त्यांनी मापं घेतली आणि कपाळाला आठी घातली. मला उतरवलं, माझ्या जागी पासष्टचं पोतं आणि किलोभर मटार ठेवले. पुन्हा माप घेतलं. पोतं बसलं की गाडी माझ्यापेक्षा बोटभर जास्त खाली जात होती.

टेप बदलून पाहिली. तेच. काटा पुसून मला पुन्हा तोललं. तेच, सहासष्ट.

"आपण कशाला धरलंय का?"

"नाही."

"पाय जमिनीला?"

"नाही हो."

हे वैतागले. "ओ साहेब, पोत्यात अन् माणसात फरक राहीलच ना! काय करून राहिले तुम्ही?"

ते बुटकं स्टूल घेऊन गाडीच्या बाजूला बसले आणि माझ्या पायांकडे बघत राहिले. बराच वेळ. मग घरातून जुन्या वर्तमानपत्राची दोन पानं आणली, माझ्या चपलांखाली, पाय ठेवायच्या दांड्यांवर सरकवली. म्हणाले, "आरामात बसा. आपल्या घरच्या पलंगावर बसता तसं." मी बसले. त्यांनी एक कागद ओढला. टर्रकन फाटला. दुसऱ्या बाजूचा ओढला, तोही फाटला.

"बाई," ते म्हणाले, "आपण बसलेल्या नाही आहात. आपण उभ्या आहात."

मी खाली पाहिलं. गाडी स्टँडवरून उतरवलेली, ओट्यासमोर शांत उभी. रस्ता नाही, वेग नाही, खड्डा नाही. आणि माझे दोन्ही पाय त्या दांड्यांवर असे रोवलेले, की कोणत्याही क्षणी उठायचं आहे. पोटऱ्या लाकडासारख्या. मला पत्ताच नव्हता.

त्यांनी समजावून सांगितलं. वजन कुठे नाहीसं होत नाही. पण पोतं आपला सगळा भार सीटवर सोडतं, म्हणजे मागच्या चाकावर. माझा भार पायांवर, पायाच्या दांड्या पुढे, म्हणून तेवढं वजन पुढे सरकलेलं. "आणि खड्डा आला की स्प्रिंगेचं काम आपल्या पोटऱ्या आणि कंबर करतात. दिवसभर. गादी दबणार नाही तर काय होईल?" मग विचारलं, "हे कधीपासून?"

मला आठवायला वेळ लागला नाही. नवं लग्न झालं तेव्हा ह्यांच्याकडे एक म्हातारी मोपेड होती. मदनमहालचा चढ आला की ती रडायची, आणि हे मागे न बघता म्हणायचे, "जरा हलकी हो." आता माणूस हलकं कसं होणार? पण मी व्हायची. पायांवर भार घेऊन, श्वास धरून अर्धी उभी. आणि खड्डा दिसला की हे ओरडायचे, "गड्ढा!" की मी उठायची. मोपेड गेली, स्कूटर आली, स्कूटर गेली, ही आली. "गड्ढा" राहिलं.

हे मी सांगितलं तेव्हा ह्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "मी तर हिच्या भल्यासाठीच सांगत होतो ना!"

आता ते ह्यांच्याकडे वळले. सरळ हिंदीत गेले. "भाईसाहब, जबलपुर में कितने गड्ढे होंगे? गिने हैं कभी? अड़तीस साल से उठक-बैठक लगवा रहे हैं आप इनसे!"

"त्यावेळी मोपेड चढत नव्हती..."

"अब तो चढ़ती है!"

मला मात्र मेलं हसू आलं. वाईट वाटायला हवं होतं, पण हसू आलं.

मग ते म्हणाले, "चला, मागे बसा." मला वाटलं मला म्हणाले. नाही, ह्यांना. सोनेरी शॉकर अजून गाडीवरच होते. स्वतः हँडल धरलं, ह्यांना मागे घेतलं आणि पाटनकडे निघाले. फॅक्टरीत चाळीस माणसांवर हुकूम चालवलेला माझा नवरा दुसऱ्याच्या पाठीमागे गुडघे जुळवून बसून गेला.

ते येईपर्यंत मी त्यांच्या बायकोबरोबर जेवले. कढी-भात. मी तिला म्हटलं, "यांना हे मागे बसणाऱ्याचं एवढं काहून?"

ती म्हणाली, "लहानपणी सासऱ्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून शाळेत जायचे. सहा मैल. सासरे पुढे भजनं म्हणायचे, मस्त. हे मागे लोखंडावर. एकदा यांनी सांगितलं, बाबा, लागतं. तर सासरे म्हणाले, मला तर नाही लागत." तिने माझ्या भातावर आणखी कढी ओतली. "एवढंच आहे. आमच्या लग्नात वरातीला घोडा आला तेव्हाही माझ्यासाठी आणलेल्या गाडीची सीट आधी दाबून पाहिली यांनी."

दीड तासाने ते दोघं आले. ह्यांनी एक पाय खाली टाकला, मग थांबून दुसरा. हात कंबरेवर. मी म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही." तांब्याभर पाणी प्याले. थोड्या वेळाने बोलले, "हे गड्ढा म्हणतच नाहीत."

"मग?"

"मग काय, उठावं लागते. अंदाजाने. पुढचं तर काही दिसत नाही." ओट्याच्या कडेला हळूच टेकले. मग त्यांना म्हणाले, "कोणते लावायचे ते हिला विचारा."

"तेच तर करतोय परवापासून," ते म्हणाले.

शनिवारी निवड झाली. ओट्यावर तीन जोड्या मांडलेल्या. एक आमची सोनेरी, तिच्या स्प्रिंगेची रिंग सैल करून. दुसरी जाड तारेची, शेतकरी लोक दुधाचे कॅन वाहायला लावतात तशी. तिसरी साधी काळी, ना डबी ना रंग. तिच्या स्प्रिंगेची वरची वेटोळी जवळजवळ होती आणि खालची लांब लांब, म्हणजे लहान खडी मऊपणे घ्यायची आणि मोठ्या खड्ड्याला कडक व्हायचं. खाली एक छोटी फिरकी, दबलेला शॉकर वर किती सावकाश येईल ते ठरवायला. त्यांनी सीट हाताने दाबून सोडली. गाडी एकदा वर आली आणि थांबली. "पाहुणा असा हवा," ते म्हणाले. "एकदा उठून नमस्कार केला की बसला. सारखी उठबस करणारा पाहुणा डोकं उठवतो."

अट अशी होती की तिन्ही जोड्यांवर तोच फेरा, ह्यांनी चालवायचं, खड्डा आला तरी तोंड उघडायचं नाही. आणि मी बसायचं. पूर्ण.

तुम्हाला वाटेल, बसायचं त्यात काय? मी सांगते, आयुष्यात इतकं अवघड काही केलं नाही. पहिल्या स्पीडब्रेकरला मी उठलेच. दुसऱ्याला उठले. उखडलेल्या तुकड्यावर ह्यांच्या खांद्याला असं धरलं की ते "अगं" म्हणाले. ओट्यावर आलो, कागद फाटलेला. पुन्हा फेरा. मी मनाला सांगत होते, सोड, भार सोड, गाडी मोडत नाही. वाटत होतं, मी अशी सगळी टेकले तर गाडी दबेल, हे मागे वळून बघतील. चौथ्या फेऱ्याला नाल्यावरच्या फरशीवर मी पाय सैल सोडले. दणका आला. खालून आला, कंबरेपर्यंत आला आणि तिथेच विरला. मी पडले नाही. गाडीही मोडली नाही. ह्यांनी मागेही वळून पाहिलं नाही.

तिन्ही झाल्यावर ते खडू घेऊन उभे. "बोला."

"काळे," मी म्हटलं.

"का?"

"सोनेऱ्यावर दातात येते. जाड तारेवर तर डोक्यात. याच्यावर दणका येते, पण येऊन बसते."

मग रिवाजाप्रमाणे दही निघालं. काळ्या शॉकरवर ते फेरा मारून आले, डबा उघडला, आणि आम्ही सगळे वाकलो. कडेला पाणी सुटलेलं होतं. जाड तारेवर सकाळीच त्यांनी गुपचूप फेरा मारला होता, त्यात दही घट्ट राहिलं होतं. ते त्यांनीच सांगितलं, लपवलं नाही. डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या डब्याने नाही म्हटलेली गाडी त्यांनी सोडली नव्हती, हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं.

त्यांची बायको दारातून म्हणाली, "आता काय, वहिनींना विरजण लावणार?"

त्यांनी डबा तिच्या हातात दिला आणि काळ्या शॉकरचे नट आवळायला बसले.

ह्यांनी तिथेच ओट्यावर उभं राहून रविवारच्या माणसाला फोन लावला. "हाँ भैया, गाड़ी का विचार कैंसिल. नहीं नहीं, भाव की बात नहीं है." मग फोन खिशात ठेवून मला म्हणाले, "भडोचला कधी जायचं ते सांग."

मुलाला व्हिडिओवर दाखवलं. तो म्हणाला, "आई, इसमें तो डिब्बी ही नहीं है!" दोन दिवस जरा फुगला, मग निवळला. डॉक्टरांना विचारून घेतलं. ते म्हणाले, एका दमात दीड तासापेक्षा जास्त नाही, उतरून चालायचं, आणि दुखलं तर तिथून परत फिरायचं. हे मान्य केलं आणि थंडी संपता संपता निघालो.

दुसऱ्या दिवशी हरद्याच्या पुढे, दुपारी, एक गोष्ट झाली. रस्ता काही धड नव्हता. गव्हाची शेतं होती दोन्हीकडे, ऊन छान होतं. आणि मला झोप लागली. मोटरसायकलवर! ह्यांच्या पाठीवर डोकं टेकून सरळ झोपले. ह्यांनी घाबरून गाडी कडेला घेतली, "अगं, अगं, काय झालं?" मी डोळे उघडले, म्हटलं, "काय झालं?"

ह्यांना धीर निघेना. त्यांनी तिथूनच महाराजपूरला फोन लावला, स्पीकर सुरू करून. सगळं सांगितलं.

पलीकडून आवाज आला, "झोपल्या? मग मऊ झालेत. सामान जास्त घेतलंत का? स्प्रिंगेखालची रिंग एक खाच चढवा. वाकडा पाना डिकीत आहे, मीच ठेवलाय."

ह्यांनी पाना काढला, खाली वाकले, आणि वर माझ्याकडे पाहून म्हणाले, "चढवू?"

मी सीटवरच होते. पाय लोंबकळत सोडलेले. म्हटलं, "नको."

"ते सांगून राहिले ना."

"सांगू दे. मला असेच हवे आहेत."

फोनमधून ते म्हणाले, "ठीक आहे. पण झोपायचं नाही बाई. पडाल."

"नाही झोपणार," मी म्हटलं. "बोलत राहीन."

इतकी वर्षं मागे बसून मी कधी बोललेच नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. दात आवळून कोण बोलणार? ह्यांनी पाना डिकीत ठेवला, गाडीला किक मारली आणि म्हणाले, "काय बोलशील?"

म्हटलं, "तुम्ही चालवा तर."

आणि भडोचपर्यंत मी बोलत गेले.